भाड्याच्या घराचे खडबडीत छत

बदलीच्या नोकरीमुळे आज नागपूर, उद्या इंदूर, परवा हैदराबाद असे बिऱ्हाड हलविणाऱ्या कुटुंबांना भाड्याचे घर नवे नाही. घर ठरविताना आपण नळ पाहतो, स्वयंपाकघर पाहतो, भिंतींचा रंग पाहतो. मान वर करून छत मात्र क्वचितच कोणी पाहते. पुढे पहिल्याच पावसाळ्यात त्यावर पिवळसर डाग उमटतात, अंथरुणावर पांढरी भुकटी पडू लागते, आणि मग छताची आठवण होते. त्यातून ते खडबडीत गिलाव्याचे असेल, तर त्याच्या खाचाखोचांत धूळ, जळमटे आणि काजळी साचून खोली काळवंडते.

अशा वेळी रंगाचा डबा आणण्यापूर्वी आपला भाडेकरार वाचावा. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2021 साली संमत केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात, करारात वेगळे ठरले नसल्यास, इमारतीच्या रचनेची दुरुस्ती व भिंतींची सफेदी ही घरमालकाची जबाबदारी मानली आहे. तसेच निवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे म्हटले आहे. मात्र हा नमुना कायदा आहे. ज्या राज्याने तो स्वीकारला, तेथेच तो लागू होतो. म्हणून काम कोणी करावयाचे, खर्च कोणी सोसावयाचा व रंग कोणता द्यावयाचा, हे मालकाकडून लेखी घ्यावे. कामापूर्वी व कामानंतर छायाचित्रे काढून ठेवावीत. घर सोडताना अनामतीवरून होणारे पुष्कळसे वाद एवढ्याने टळतात.

डाग ओलाव्याचा असेल, तर वरून कितीही रंग दिला तरी तो पुन्हा वर येतोच. आधी गच्चीची अथवा वरच्या मजल्यावरील नळाची गळती बंद करावी आणि छत पूर्ण वाळू द्यावे. नंतर ओले फडके छतावर घासून पाहावे. फडक्याला पांढरी भुकटी लागली, तर जुना थर चुन्याचा अथवा साध्या डिस्टेंपरचा आहे असे समजावे. त्यावर नवा रंग धरत नाही. लवकरच त्याचे पोपडे सुटतात. तो थर पाण्याने भिजवून खरवडावा व मग प्रायमर द्यावा.

कोरड्या कागदाने घासण्याचा मोह मात्र आवरावा. जुन्या तैलरंगांत शिसे असू शकते, आणि शिशाच्या धुळीचा सर्वाधिक अपाय लहान मुलांच्या मेंदूला होतो. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लक्ष भागांत 90 भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. नवा डबा घेताना त्यावरील ही नोंद अवश्य पाहावी. छत अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांचे असेल, तर ते घासू नये, खरवडू नये व त्याला भोकही पाडू नये. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन कर्करोगास कारण होऊ शकतात.

खडबडीत पृष्ठभागाला सपाट छताहून अधिक रंग लागतो, हे अंदाज करतानाच ध्यानी घ्यावे. लांब लवेचा रोलर वापरावा आणि कोपऱ्यांत ब्रशने रंग भरावा. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात चांगले. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने द्यावा, म्हणजे खाचा कोऱ्या राहत नाहीत. चकाकणारा रंग उंचसखलपणा अधिक दाखवितो. बिनचकाकीचा पांढरा रंग तो झाकतो आणि खोलीत उजेडही वाढवितो. पंख्याजवळ काम करताना मुख्य बटण बंद करावे, आणि स्टुलावर स्टूल न रचता भक्कम शिडी घ्यावी. त्या दिवशी मुलांना शेजारी पाठवावे व खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

घर भाड्याचे असले, तरी त्या छताखाली झोपणारी मुले आपलीच असतात. त्यांच्या डोक्यावरचे छत कोरडे व स्वच्छ असावे, यासाठी थोडा विचार आणि दोन दिवसांचे श्रम खर्ची पडले, तर ते व्यर्थ गेले असे कोण म्हणेल?