हवा किती मारू?

पंपावर हवा भरणारा माणूस गाडीजवळ येऊन एकच प्रश्न विचारतो, "किती मारू?" आणि थर्मोचा पेपर काढलेली आपली मंडळी आतून ओरडतात, "मार की तीस-पस्तीस!" तीस का पस्तीस, यात फार मोठा फरक आहे हे गाडीत कुणालाच ठाऊक नसतं.

सबमिशन संपलं की होस्टेलवर हे दरवर्षीचंच. कुणाच्या तरी घरची गाडी येते, पाच जणांच्या सीटवर सात जण बसतात आणि फोंडा घाट उतरून मालवण गाठायचा बेत ठरतो. विदर्भातले मित्र दिवाळीला समृद्धीवरून घरी जातात. गाडीचा साउंड कसा आहे, एसी चालतो का, हे सगळे बघतात. टायर बघणारा मला अजून भेटायचा आहे. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.)

आधी एक छोटं गणित. माणसं धरून गाडीचं वजन १००० किलो समजा, म्हणजे एका चाकावर २५० किलो. टायरमध्ये ३२ पीएसआय, म्हणजे साधारण २.२ बार हवा. वजन भागिले दाब केलं की टायर जमिनीला टेकतो ते क्षेत्रफळ मिळतं, जवळजवळ ११० चौरस सेंटिमीटर. तळहाताएवढं! ब्रेक, वळण, घाट, पाऊस, सगळं या चार तळहातांवर चालतं. (टायरच्या भिंतीही थोडा भार घेतात, त्यामुळे खरा आकडा थोडा वेगळा येईल, पण अंदाजाला एवढं पुरे.)

तर किती मारायची? उत्तर गाडीवरच लिहिलेलं असतं. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, खांबावर स्टिकर दिसेल. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणामागे असतो. त्यावर बहुतेक वेळा दोन आकडे असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि दुसरा गाडी भरलेली असताना. मालवणला जाताना दुसरा बघायचा. (सात जणांसाठीचा आकडा कुठल्याच स्टिकरवर नसतो, तो शोधू नका.) टायरच्या बाजूला जो 'मॅक्स' आकडा कोरलेला असतो तो भरायचा आकडा नव्हे. ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे.

हा दाब टायर थंड असताना मोजायचा, म्हणजे गाडी तीन तास उभी असताना किंवा फार तर किलोमीटर-दोन किलोमीटर चालल्यावर. आता खरा घोळ इथेच होतो. आपल्याकडे एक समज अगदी पक्का आहे की उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो. ऐकायला बरोबर वाटतं, पण प्रत्यक्षात उलट आहे.

गणित करून बघू. सकाळी २७ अंशाला गेजवर ३२ आहे. कोल्हापुरातला हवेचा दाब १४ पीएसआय धरला तर आतला खरा दाब ४६. गाडी पळून टायर ५७ अंशांवर गेला, म्हणजे ३०० केल्विनचे ३३० झाले. दाब १० टक्के वाढून ५०.६ झाला आणि गेजवर साधारण साडेछत्तीस दिसले. गाडी बनवणाऱ्यांनी आणि टायर बनवणाऱ्यांनी ही वाढ आधीच हिशोबात धरलेली असते. पण आपण घाबरून गरम टायरमधली हवा सोडून ती ३२ वर आणली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी गेज २८ च्या खाली दाखवणार.

आणि कमी हवेचा टायर जास्त तापतो. कारण असं की रस्त्याला टेकताना टायरचा तेवढा भाग दबतो आणि पुढे जाऊन परत सरळ होतो. रबराला वाकवायला जी ऊर्जा लागते ती सगळी परत मिळत नाही, थोडी उष्णता होऊन आतच राहते. यालाच आपण हिस्टेरेसिस म्हणतो आणि व्हायवात विसरतो. चाकाचा घेर १.८ मीटर धरला तर ताशी १२० च्या वेगाने रबराचा प्रत्येक तुकडा सेकंदाला १८ वेळा वाकतो, तासाला ६६ हजार वेळा. हवा कमी असली की तो जास्त वाकतो आणि जास्त तापतो. शेवटी रबर आणि आतल्या तारांचे थर सुटायला लागतात. टायर आतल्या दाबाने फुग्यासारखा फुटतो ही आपली कल्पना. पण बऱ्याचदा तो आधी शिजलेला असतो.

म्हणून समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला सगळे ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. कारला वेगमर्यादा १२०. सुरुवातीच्या महिन्यांतच टायर फुटून अपघात झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि लोकांनी सिमेंटच्या रस्त्याला दोष दिला. पण मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेही सिमेंटचाच आहे. फरक हा की गावातल्या रस्त्यावर आपण दर पाच मिनिटांनी ब्रेक मारतो, टायरला श्वास मिळतो. इथे तो तासन् तास एकाच वेगात वाकत राहतो. गावात चालून गेलेला जुना, कमी हवेचा टायर इथे पकडला जातो. २०२३ मध्ये आरटीओने नाक्यांवर टायर तपासून खराब टायरच्या गाड्या अडवायला सुरुवात केली, ती याचसाठी.

पण प्रत्येक गोष्ट टायरच्या माथी मारणंही बरं नाही. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस जळून २५ माणसं गेली. ड्रायव्हरने टायर फुटल्याचं सांगितलं होतं. आरटीओच्या अहवालात मात्र तसा पुरावा मिळाला नाही.

अमेरिकेतही हा धडा महागात पडला. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले. ते बहुतेक फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांवर होते. नक्षीचा पट्टा सुटून गाड्या उलटत होत्या आणि २०० हून जास्त माणसं मेली. टायरच्या बनावटीत दोष होताच, पण फोर्डने सुचवलेला दाब होता २६ आणि टायरवाले नंतर म्हणू लागले ३० ठेवा. दोन्ही कंपन्यांचं जोरदार भांडण झालं. त्यातून कायदा झाला आणि पुढे तिथल्या नव्या गाड्यांत टायरचा दाब सांगणारा सेन्सर सक्तीचा झाला. डॅशबोर्डवर घोड्याच्या नालासारखं पिवळं चिन्ह दिसतं ते हेच. ते लागलं तर "सेन्सर गंडलाय" म्हणण्याआधी एकदा गेज लावून बघा.

आता स्टाफच्या पार्किंगमध्ये एक फेरी मारू. (सरांची परवानगी गृहीत धरली आहे.) टायरची झीज वाचता येते. दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी शाबूत असेल तर गाडी बरेच दिवस कमी हवेवर चालली. मधला पट्टा गेला असेल तर हवा जास्त. फक्त एकच कड गेली असेल तर हवेचा संबंध नाही, चाक तिरकं उभं आहे, म्हणजे कॅम्बर बिघडलाय. नक्षीवरून हात एका बाजूने फिरवला तर मऊ आणि उलट फिरवला तर करवतीसारखा लागला, तर टो बिघडलाय. खड्ड्यात चाक आपटलं की हे हमखास होतं आणि आपल्याकडे खड्ड्यांची कमी नाही. मध्येच कुठे कुठे वाटीसारखी झीज दिसली तर शॉकअॅब्सॉर्बर तपासा. अशा वेळी अलाइनमेंट न करता नवे टायर टाकले तर तेही तसेच झिजणार. टायरवाला खूश, घरचे नाराज.

सगळं ठीक असलं तरी पुढचे टायर आधी झिजतात. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. इंजिनचं वजन पुढे, वळणं पुढे, ब्रेकचा बराचसा जोर पुढे. म्हणून साधारण ८ ते १० हजार किलोमीटरला टायर फिरवायचे. पुढचे दोन सरळ मागे न्यायचे, त्याच बाजूला. मागचे पुढे आणताना डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलायची नाही, फक्त पुढचा मागे आणि मागचा पुढे. आणि टायर फिरवल्यावर हवा परत स्टिकरप्रमाणे करायची, कारण काही गाड्यांत पुढचा आणि मागचा आकडा वेगळा असतो. हे बरेच जण विसरतात.

दोनच नवे टायर घ्यायला पैसे असतील तर ते कुठे लावायचे? ज्याला विचारावं तो म्हणतो पुढे. पण नवे मागेच लावावेत. पावसात पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की पुष्कळदा परत हातात येते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि गगनबावड्याच्या घाटात ती कुठे फिरेल ते सांगायला नको.

पावसाचं आणखी एक. रस्त्यावर पाणी साचलेलं असेल आणि नक्षी गुळगुळीत असेल तर एका वेगानंतर टायर पाण्यावर तरंगतो. नासाचे वॉल्टर हॉर्न यांनी विमानाच्या टायरवर प्रयोग करून सूत्र काढलं की हा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्या हिशोबाने ३२ पीएसआयला ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतात आणि २२ ला ७८. कारला हे तंतोतंत लागू नाही, पण कमी हवेत धोका लवकर सुरू होतो हे त्यातून कळतं. नक्षी बघायची तर खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरली, म्हणजे टायर संपला.

रोज फक्त घर ते कॉलेज चालणाऱ्या गाड्यांचं उलटं असतं. नक्षी नव्यासारखी आणि रबर म्हातारं. बाजूला चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कडेला बारीक भेगा दिसत असतील तर नक्षीकडे बघून समाधान मानू नका.

नायट्रोजनबद्दल सगळे विचारतात. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. कोरडा असतो आणि थोडा हळू गळतो, एवढाच फायदा. मिळाला तर घ्या, पण महिन्यातून एकदा गेज लावणं त्याने सुटत नाही. आणि पंपावर गेलातच तर डिकी उघडून स्टेपनीचीही हवा बघायला सांगा.