एस्टिमेट १ लाख ८० हजार, बिल २ लाख ७३ हजार

आजचा भाग जरा घरगुती आहे.

पुण्यात आईबाबांचा जुना फ्लॅट. दोन बाथरूम, दोन्ही फोडून नवीन टाइल आणि नवीन नळकाम. काँट्रॅक्टरने मटेरियलसकट एस्टिमेट दिलं १,८०,००० रुपये. काम संपत आलं तेव्हा बिल आलं २,७३,७६० चं. एक कमोड मुद्दाम बसवायचा ठेवलेला आणि निरोप असा, की ‘बिल क्लिअर करा, मग बसवतो.’ बाबा रिटायर्ड, पैसे एफडी मोडून काढलेले. मी फोनवर तावातावाने भांडलो. उपयोग शून्य, कारण मी नुसताच शेवटच्या आकड्यावर ओरडत होतो.

रात्री बिल एक्सेलमध्ये टाकलं, तेव्हा कळलं की ९३,७६० ची वाढ एक नाहीये, पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे.

पहिली, एक्स्ट्रा काम, २१,००० रुपये. आईने मधेच भिंतीत कोनाडा सांगितला, गरम पाण्याचा एक पॉइंट वाढवला. काँट्रॅक्टर म्हणाला, ‘होऊन जाईल काकू.’ दर कोणीच विचारला नाही. ऑफिसात क्लायंटने एक बटण वाढवलं तरी आम्ही चेंज रिक्वेस्ट मागतो, आणि घरी सगळं तोंडी! ‘लिहून कुठे दिलं होतं?’ असं म्हणून हे पैसे उडवता येत नाहीत बरं का. भारतीय करार कायदा, १८७२, त्याचं कलम ७० सांगतं, की फुकट करायचा हेतू नसताना कोणी तुमच्यासाठी काम केलं आणि तुम्ही त्याचा फायदा घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. प्रश्न फक्त योग्य दराचा. आम्ही दुसऱ्या प्लंबरला दर विचारला आणि १८,००० वर तुटलं.

दुसरी, १६,०००. भिंत फोडल्यावर आतले जीआय पाइप गंजलेले निघाले, ते बदलून सीपीव्हीसी टाकले. फोटो होते, बाबांनी स्वतः बघितलंही होतं. हे पूर्ण दिले. जुन्या बिल्डिंगमध्ये हे होतंच, त्यामुळे ‘पाइप खराब निघाले तर फुटाला काय दर?’ हे आधीच विचारायला हवं होतं.

तिसरी माझी आवडती. टाइलचा दर चौरस फुटाला १६० रुपये, एस्टिमेटमध्ये ४०९ फूट, बिलात ४४४. टेप घेऊन बसलो. बाथरूम ५ बाय ८, म्हणजे चार भिंती मिळून २६ फूट. ७ फुटांपर्यंत टाइल, म्हणजे १८२. खालची फरशी ४०. एकूण २२२, दोन बाथरूमचे ४४४. पण दरवाजा? अडीच बाय सातचा दरवाजा, साडेसतरा फूट, तिथे टाइल नाहीच! दोन दरवाजे वजा केले की बरोबर ४०९. ५,६०० रुपये गेले. यात प्रत्येक वेळी लबाडीच असते असं नाही. पण मोजमाप दोघांनी मिळून घेतलं की वाद उरत नाही.

चौथी, ‘मटेरियलचे भाव वाढले’, ९,४००. दर मटेरियलसकट ठरला होता आणि वाढला तर आम्ही भरू असं कुठेच नव्हतं. करार बदलायचा तर दोघांचीही संमती लागते. नाही म्हणालो.

पाचवी सगळ्यात मोठी. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी, ४१,७६०. बिलावर जीएसटी नंबर नाही! ज्याची नोंदणी नाही त्याला हा कर गोळा करताच येत नाही. मी शांतपणे पंधरा अंकी-अक्षरी नंबर मागितला, पोर्टलवर तपासतो म्हणालो. दुसऱ्या दिवशीच्या बिलात ती ओळ नव्हती. एस्टिमेट घेतानाच ‘जीएसटी धरून की सोडून?’ हा एक प्रश्न विचारा.

हे सगळं बोलणं होऊ शकलं, कारण आम्ही तोवर १,५०,००० च दिले होते. ९० टक्के पैसे आधीच गेले असते तर आमचं कोणी ऐकलं नसतं. पैसे कामाच्या मागून चालू द्या.

अगदीच जमलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. आमच्यावर ती वेळ आली नाही. रविवारी चहावर बसलो, मी एक्सेल दाखवलं, टेप पुढे ठेवली. २,१४,००० वर मिटलं, आणि ते लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं.

सोमवारी कमोड बसला. बसवणाऱ्या मिस्त्रीची दोन आठवड्यांची मजुरी याच भांडणात अडकली होती, हे मला तेव्हा कळलं. बाबांनी त्याच्या हातात परस्पर ३,००० ठेवले. एक्सेलमध्ये त्याची ओळ नाहीये.