अंतराळातल्या दुर्बिणीची लेन्स कोण पुसणार?

खडकवासल्याच्या चौपाटीवर अंधार पडल्यावर फोटो काढून बघा. गाड्यांचे दिवे, भजीवाल्याचा बल्ब, पलीकडे काळं पाणी. फोटोत हमखास एक हिरवट ठिपका दिसतो, जो प्रत्यक्षात तिथे नसतो. मी मागच्या पावसाळ्यात मुद्दाम एक प्रयोग केला. भजी खाल्लेलं बोट लेन्सवर फिरवलं आणि तोच फोटो परत काढला. आता प्रत्येक दिव्याभोवती धुकट वलय आलं आणि काळं पाणी राखाडी झालं.

हे दोन वेगळे घोळ आहेत बरं का. ठिपका म्हणजे भरकटलेला प्रकाश. दिव्याचा उजेड लेन्सच्या आतल्या काचांवर आपटून भलत्याच जागी सेन्सरवर पोचतो. वलय म्हणजे मळाची करामत. तेलाचा थर प्रकाश सगळीकडे पसरवतो. आपण टी-शर्टने लेन्स पुसतो आणि मोकळे होतो (टी-शर्टने पुसू नका, मऊ कापड वापरा). पण दुर्बीण १५ लाख किलोमीटरवर असेल तर?

इन्फ्रारेड दुर्बिणींचं दुखणं आणखी मोठं आहे, कारण इन्फ्रारेडमध्ये प्रत्येक गरम वस्तू स्वतःच चमकते. तुमचा हात, फोन, दुर्बिणीचा आरसा, त्या आरशावरचा धुळीचा कण, सगळं. म्हणून जेम्स वेब दुर्बिणीला टेनिस कोर्टाएवढी पाच पदरी छत्री लावली आहे. उन्हाच्या बाजूला साधारण ८५ अंश सेल्सिअस, तर सावलीच्या बाजूला उणे २३० च्या आसपास. तिचा ६.५ मीटरचा सोनेरी आरसा मात्र नळीत नाही, उघडाच आहे. त्यामुळे बाजूच्या ताऱ्यांचा प्रकाश आत घुसतो. दुसरा आरसा पेलणाऱ्या दांड्यावरून परावर्तित होऊन आलेल्या प्रकाशाचे पुसट पट्टे वेबच्या फोटोंत दिसतात. ते सेन्सरवर ठराविक जागीच येतात, म्हणून त्यांचा नमुना बनवून फोटोतून वजा करता येतो. फोनमधला एडिटर ठिपका पुसतो तसंच म्हणा ना, फक्त इथे अंदाजाने रंग भरायला परवानगी नाही.

पुण्याची दुर्बीण, उलटी अडचण

खडकवासल्यापासून वीसेक किलोमीटरवर, विद्यापीठाच्या आवारात आयुका आहे. आदित्य-एल१ यानावरची ‘सूट’ ही दुर्बीण आयुकाच्या पुढाकाराने तयार झाली. यान २ सप्टेंबर २०२३ ला उडालं आणि ‘सूट’ने ६ डिसेंबरला सूर्याचे पहिले फोटो काढले. ती इन्फ्रारेड नाही, अल्ट्राव्हायोलेट आहे: २०० ते ४०० नॅनोमीटर. इथे आरशाच्या उष्णतेपेक्षा चिकटपणाची धास्ती जास्त. गोंद, रंग, प्लास्टिक, वायरींचं आवरण यांतून निर्वात जागेत सूक्ष्म वाफा सुटतात. (नवीन गाडीचा वास येतो ना, तोच प्रकार.) त्या वाफा आरशावर बसल्या आणि वर अल्ट्राव्हायोलेट ऊन पडलं, की त्यांचा पक्का थर बनतो. मग प्रकाश हळूहळू कमी होत जातो आणि वाटतं सूर्यच मंदावला! म्हणून ‘सूट’च्या तोंडाशी उघडता-मिटता येणारं दार आहे. माझ्या मते दुर्बिणीतला सगळ्यात शहाणा भाग तोच.

युक्लिडवर जमलेला बर्फ

युरोपची युक्लिड दुर्बीण १ जुलै २०२३ ला गेली. ती दृश्य आणि जवळच्या इन्फ्रारेड प्रकाशात बघते. सुरुवातीलाच कळलं की यान काही विशिष्ट कोनांत असताना ऊन आत झिरपतंय. सावलीबाहेर डोकावणाऱ्या थ्रस्टरच्या एका ब्रॅकेटवरून ते परावर्तित होत होतं. ब्रॅकेट कापायला कोण जाणार? मग यानाने कुठल्या कोनात बघायचं, याचं वेळापत्रकच बदललं.

नोव्हेंबरमध्ये दुसरी भानगड. त्याच त्याच ताऱ्यांचा प्रकाश थोडा थोडा कमी भरायला लागला. तारे तेच होते, आरशांवर बर्फ जमला होता. जोडणीच्या वेळी हवेतला दमटपणा यानाच्या उष्णतारोधक आवरणात मुरला होता, तो बाहेर पडून गार आरशांवर बसत होता. थर फक्त काही नॅनोमीटरचा. आपल्या फोनला त्याने ढिम्म फरक पडला नसता. पण युक्लिडला अब्जाहून जास्त दीर्घिकांची तेजस्विता आणि आकार मोजून कृष्णद्रव्याचा नकाशा काढायचाय. तिथे मापच सरकलं तर नकाशा चुकतो, आणि चुकलाय हे कळतही नाही.

सगळं यान तापवलं तर? बर्फ जाईल, पण भाग प्रसरण पावतील आणि गार झाल्यावर पहिल्यासारखे जागेवर बसतीलच असं नाही. म्हणून मार्च २०२४ मध्ये एकेक आरसा वेगळा गरम करायचं ठरलं. पहिलाच आरसा उणे १४७ वरून उणे ११३ अंशांवर नेला. आपल्या लेखी दोन्ही भयंकर थंडच! पण निर्वात जागेत तेवढी ऊब बर्फाची वाफ करायला पुरते. त्यानंतर १५ टक्के जास्त प्रकाश मिळू लागला.

आवरणात मुरलेलं पाणी अजून पूर्ण संपलेलं नाही. त्यामुळे बर्फ परत जमणार हे गृहीत धरूनच युक्लिडची टीम काम करते, आणि प्रकाश कमी भरायला लागला की तोच आरसा पुन्हा ३४ अंशांनी तापवायची तयारी ठेवते.