एकाच चाकाला ब्रेक

ऑक्टोबर १९९७. मर्सिडीजने गाजावाजा करून नुकतीच बाजारात आणलेली ए-क्लास ही आखूड, उंच गाडी स्वीडनच्या ‘टेक्निकेन्स वेर्ल्ड’ या नियतकालिकाच्या पत्रकारांनी चाचणीला घेतली. चाचणी दिसायला साधी. ताशी साठेक किलोमीटर वेगाने सरळ येताना स्टिअरिंग झटक्यात डावीकडे वळवायचे, लगेच उजवीकडे फिरवून आपल्या लेनमध्ये परतायचे आणि या सगळ्यात ब्रेकला पाय लावायचा नाही. स्वीडनच्या जंगलरस्त्यांवर मूस नावाचे अजस्र हरीण अचानक आडवे येते. त्याचे पाय इतके लांब असतात, की धडक बसली तर शेकडो किलोंचे धड बॉनेटवरून थेट काचेवर आदळते. त्यामुळे गाडीला ते चुकवता येते का, हे तिकडे आवर्जून बघतात. ए-क्लास चुकवायला गेली आणि उलटली.

जर्मनीत पुरते हसे झाले. पूर्व जर्मनीच्या जमान्यातली जुनाट ट्राबांट याच चाचणीत चारही चाकांवर उभी राहिल्याच्या बातम्या आल्या. कंपनीने आधी टायरकडे बोट दाखवले, पण शेवटी विक्री थांबवावी लागली. फेब्रुवारी १९९८ मध्ये गाडी परत आली तेव्हा तिचे सस्पेन्शन बदललेले होते आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये ईएसपी, म्हणजे गाडीचा तोल सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, बसवलेली होती. आधी विकलेल्या गाड्याही परत बोलावून त्यांच्यात ती बसवून दिली गेली. खरे तर ही यंत्रणा मर्सिडीजकडे १९९५ पासूनच होती, फक्त महागड्या गाड्यांपुरती. सर्वांत स्वस्त मर्सिडीजला ती मिळाली ती अब्रू गेल्यावर.

ही यंत्रणा समजून घ्यायची तर सुरुवात एबीएसपासून, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेपासून, करावी लागते, कारण ती त्याच्याच अंगावर वाढलेली आहे. एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएसपी ब्रोशरमध्ये तीन ओळी घेतात. बॉनेटखाली मात्र व्हॉल्व्ह आणि पंप असलेली एकच पेटी असते.

गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग टेकलेला असतो. वेग वाढवणे, थांबणे, वळणे ही तिन्ही कामे एवढ्याशा पकडीत भागवायची असतात. घाबरून ब्रेक करकचून दाबला की चाक फिरायचे थांबते आणि घसरू लागते. घसरणाऱ्या चाकाला दिशा उरत नाही. स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी जिकडे चालली होती तिकडेच जाते. जुने ड्रायव्हर म्हणूनच ब्रेक ‘पंप’ करायला शिकवायचे: दाबा, सोडा, पुन्हा दाबा. बॉशचे इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आले तेव्हा हेच काम यंत्राकडे गेले. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर त्याची गती मोजतो. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंदावले, तर त्याच्या ब्रेकचा दाब क्षणभर सोडला जातो आणि पुन्हा दिला जातो. सेकंदात अनेकदा. कोणाही माणसाचा पाय इतका चपळ नसतो.

हे चालू असताना पेडल पायाखाली थरथरते, घरघर ऐकू येते. काहीतरी तुटले असे वाटून नवखा चालक नेमक्या त्याच वेळी पाय उचलतो. तो उचलायचा नाही. पेडल दाबूनच ठेवायचे आणि गाडी अडथळ्याच्या बाजूने काढायची. एबीएसचा खरा उपयोग वळता येण्यात आहे. थांबायचे अंतर कमी करून देण्याची हमी ते देत नाही. सुट्या खडीवर किंवा वाळूवर तर उलट थोडे जास्तच लागू शकते, कारण लॉक झालेले चाक पुढे खडीचा ढीग रचते आणि त्याला अडून थांबते.

१९८०च्या दशकात म्युनिकमधल्या टॅक्सींवर एक अभ्यास झाला. एकाच ताफ्यातल्या काही टॅक्सींना एबीएस होते, काहींना नव्हते. एबीएसवाल्यांचे अपघात कमी निघाले नाहीत. ते चालक वळणे जास्त जोरात घेत होते, पुढच्या गाडीला जास्त चिकटून चालवत होते. ब्रेक भरवशाचा झाला, तसा त्यांनी तो भरवसा वेगावर खर्च केला.

ट्रॅक्शन कंट्रोलचे सांगायला फारसे नाही. ते एबीएसचे उलटे टोक. निघताना किंवा चढावर चाक जागच्या जागी गरगरू लागले, की इंजिनाची ताकद कमी करायची आणि त्या चाकाला हलकासा ब्रेक लावायचा, म्हणजे ताकद पकड असलेल्या दुसऱ्या चाकाकडे जाते. इथे एक मोठा बदल मात्र झाला: चालकाने पेडलला स्पर्शही न करता ब्रेक लागू लागला.

तिथून पुढचे पाऊल एका खंदकात पडले, असे मर्सिडीज सांगते. कंपनीचे तरुण अभियंता फ्रांक वेर्नर-मोन हे १९८९च्या हिवाळ्यात चाचण्यांसाठी स्वीडनमध्ये गेले असताना बर्फावरून घसरून रस्त्याबाहेर गेले. टोइंगची गाडी येईपर्यंत बसल्या बसल्या त्यांनी विचार केला, की चाक लॉक होतेय हे ज्याला कळते, त्याला गाडी आडवी होतेय हे का कळू नये? त्यासाठी गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरते आहे, हे मोजणारा सेन्सर हवा होता. तो आला आणि ब्रेक गाडी वळवूही लागला.

पावसाळ्यात आंबा घाटातून रत्नागिरीकडे उतरणारी गाडी डोळ्यांपुढे आणावी. वळण डावीकडे आहे, रस्त्यावर चिखलाचा पातळ थर आहे. स्टिअरिंगचा सेन्सर सांगतो की चालकाला इतके वळायचे आहे. दुसरा सेन्सर सांगतो की गाडी तेवढी वळत नाही, नाक सरळ दरीकडे चालले आहे. यंत्रणा वळणाच्या आतल्या बाजूच्या मागच्या, म्हणजे डाव्या मागच्या, चाकाला ब्रेक लावते. त्या चाकाभोवती गाडी आत ओढली जाते. याच्या उलट मागची बाजू सुटून गाडी गिरकी घेऊ लागली, तर बाहेरच्या बाजूचे पुढचे, म्हणजे उजवे पुढचे, चाक धरले जाते आणि नाक पुन्हा बाहेर येते. सोबत इंजिनाची ताकदही कमी केली जाते. बॉशच्या म्हणण्याप्रमाणे चालकाची इच्छा आणि गाडीची चाल यांची तुलना सेकंदाला २५ वेळा होते. एकाच चाकाला ब्रेक लावायचा तर पेडल चार हवीत. जगातला कितीही निष्णात चालक हे पायाने करू शकत नाही.

म्हणूनच आकडेही बोलके आहेत. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षेवर काम करणाऱ्या विमा संस्थेने २००६ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार या यंत्रणेमुळे जीवघेण्या अपघाताचा धोका ४३ टक्क्यांनी, तर एकाच गाडीच्या जीवघेण्या अपघाताचा धोका ५६ टक्क्यांनी घटला. अमेरिकेने २०१२च्या मॉडेलपासून आणि युरोपने नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या कारला ती सक्तीची केली.

पकड मात्र ती निर्माण करत नाही. आहे ती वाटून देते. ६० ऐवजी ८०च्या वेगाने तेच वळण घेतले, तर टायरवर पावणेदोन पटीहून जास्त भार येतो. टायर गुळगुळीत झालेले असतील किंवा साचलेल्या पाण्यावर चाके तरंगू लागली असतील, तर वाटायलाच काही शिल्लक राहत नाही.

डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचे चित्र असलेला पिवळा दिवा याच यंत्रणेचा. तो लुकलुकला तर ती त्या क्षणी काम करते आहे, म्हणजे पकड सुटू लागली आहे. सतत पेटून राहिला तर ती बंद आहे किंवा बिघडली आहे. शेजारी ‘ऑफ’ बटणही असते. चिखलात किंवा वाळूत चाके रुतली, की ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाला जोरच लावू देत नाही. तेवढ्यापुरते ते बंद करायचे. (गोव्याच्या किनाऱ्यावर बंदी असताना गाडी घालून फसणाऱ्या पर्यटकांना हे बटण सहसा ठाऊक नसते. ते बरेच आहे.)

भारतात नव्या कारना एबीएस सक्तीचे झाले एप्रिल २०१९ पासून. म्हणजे पेटी, पंप आणि चाकांचे सेन्सर प्रत्येक नव्या गाडीत येऊन बसले. त्यावर पेटीत आणखी काही व्हॉल्व्ह, दोन-तीन सेन्सर आणि सॉफ्टवेअर घातले की काम होते. तरीही कितीतरी वर्षे ही यंत्रणा सनरूफच्या पंक्तीला बसवून वरच्या व्हेरिअंटमध्ये विकली गेली, आणि त्याचे समर्थन करणे अवघड आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या, कारना सुरक्षेचे तारे देणाऱ्या भारत एनकॅपने तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर ती असलीच पाहिजे अशी अट घातली, तेव्हा चित्र पालटू लागले. ब्रोशरमध्ये ती शोधताना नावांचा गोंधळ होतो. कोणी ईएससी म्हणते, कोणी ईएसपी. टोयोटा व्हीएससी, होंडा व्हीएसए, बीएमडब्ल्यू डीएससी. काहीच सापडले नाही, तर ‘हिल होल्ड’ आहे का बघावे. चढावर ट्रॅफिकमध्ये ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडीला दोनेक सेकंद मागे न घरंगळू देणारी ही सोय बहुतेक वेळा याच पेटीतून येते, आणि शोरूममधला सेल्समन तिच्याबद्दल न विचारताही सांगतो.