फियाटचे बुश आणि काळ्या मातीचा रस्ता

काळ्या मातीवरचा रस्ता कधी स्वस्थ बसत नाही. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते आणि वरचं डांबरही तिच्यासोबत वरखाली होतं. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, जऊळका रेल्वेच्या परिसरात, सोयाबीन-तुरीच्या शिवारांतून जाणारे आतले रस्ते लांबून सपाट दिसतात. गाडी त्यावर चढली की डोलायला लागते. मुरूम टाकून बुजवलेल्या खड्ड्यावर पुढचं चाक गेलं की खालून ‘ठक्’ असा आवाज येतो. नव्या मोटारीत तो फारसा जाणवत नाही. तीस-चाळीस वर्षं वापरलेल्या प्रीमियर पद्मिनीत मात्र तो स्टिअरिंगमधून थेट हातात येतो. या आवाजाचं मूळ पुष्कळदा गाडीतल्या अगदी स्वस्त भागांपैकी एकात असतं. तो भाग म्हणजे बुश.

बुशाची रचना साधी आहे. आत लोखंडी नळी, बाहेर तिच्याहून मोठी नळी आणि दोन्हींच्या मध्ये घट्ट बसवलेलं रबर. आतली नळी बोल्टने चॅसीच्या बाजूला आवळलेली असते, बाहेरची नळी सस्पेन्शनच्या आर्ममध्ये ठोकून बसवलेली असते. चाक वरखाली झालं की आर्म हलतो आणि त्या हालचालीपुरतं रबर पिळलं जातं. चाक जागेवर आलं की पीळ सुटतो. लोखंडावर लोखंड घासत नाही, वंगण लागत नाही, आवाज होत नाही. ‘सायलेंटब्लॉक’ हे त्याचं नाव फ्रान्समधून आलं. आपल्याकडचे मिस्त्री ‘सायलेंट बुश’ किंवा नुसतं ‘बुश’ म्हणतात.

पद्मिनी ही मूळची इटलीची गाडी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि पुढे फियाटशी करार होऊन कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट गाड्या बनू लागल्या. ‘डुक्कर फियाट’ म्हणून लोकांनी जिला ओळखलं ती १९५०च्या दशकातली ११००. मग १९६४च्या सुमारास ११०० डी आली. तीच १९७०च्या दशकात प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४पासून पद्मिनी म्हणून विकली गेली. १०८९ सीसीचं इंजिन, सुमारे चाळीस अश्वशक्ती, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला. पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र विशबोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग, मागे सरळ अॅक्सल आणि पाटे. हा ढाचा गाडीच्या जन्मापासून शेवटपर्यंत फारसा बदलला नाही. म्हणूनच एका पद्मिनीवर हात बसलेला मिस्त्री बहुतेक सगळ्या पद्मिनी सांभाळू शकतो. तिच्या दीर्घायुष्याचं श्रेय लोक इंजिनाला देतात. मी ते या दुरुस्त करता येण्याजोग्या, समजण्याजोग्या सांगाड्याला देईन.

रबराला मात्र आयुष्याची मर्यादा आहे आणि विदर्भ ती आणखी कमी करतो. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून रबर हळूहळू कडक करतात, त्याला बारीक चिरा पडतात. पिळल्यावर परत येण्याची ताकद संपली की ते नळीपासून सुटतं. मग आतली नळी एका बाजूला सरकते, आर्म आपल्या जागेवरून ढळतो आणि त्याच्यासोबत चाकाचा कोनही बदलतो. बुशात थोडी जरी ढील असली तरी टायरपाशी पोचेपर्यंत तिचा परिणाम वाढलेला असतो, कारण मध्ये पूर्ण आर्मची लांबी आहे. गाडी सरळ रस्त्यावर भरकटते, ब्रेक दाबला की एका बाजूला ओढते, टायर आतून किंवा बाहेरून खाल्ला जातो. मालक टायर बदलतो, अलाइनमेंट करून घेतो आणि काही दिवसांत पुन्हा तेच. ढिल्या बुशांवर केलेलं अलाइनमेंट टिकत नाही, हे अलाइनमेंटवाल्यालाही माहीत असतं, पण विचारल्याशिवाय तो सांगेलच असं नाही.

तपासणी सोपी आहे. गाडी जॅकवर उचलायची, खाली घोडी लावायची आणि आर्मच्या टोकाशी टॉमी घालून हळूच उचकायची. चांगलं रबर थोडं दबून परत येतं. गेलेल्या बुशात नळी खळकन सरकते, बॅटरी मारून पाहिलं तर रबराच्या काठाला चिरा आणि तांबूस भुगा दिसतो. हाच खेळ चाक ज्याभोवती वळतं त्या किंग पिनमध्येही असू शकतो, म्हणून आधी चाक वर-खाली धरून हलवायचं आणि हलतंय नेमकं काय ते दुसऱ्याने खालून पाहायचं. ही दोन माणसांची तपासणी आहे. घाईने एकट्याने केली की चांगला भाग बदलला जातो आणि खराब तसाच राहतो.

आता कामाकडे. पुढचा आर्म सोडताना पहिलं भान कॉइल स्प्रिंगचं. गाडीचं वजन पेलण्यासाठी ती दाबलेली असते. तिला आवर न घालता बोल्ट काढला तर ती माणसाचा जीव घेऊ शकते. स्प्रिंग कंप्रेसर नीट अडकवल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तर कधीच नाही. बोल्ट बहुधा गंजून आतल्या नळीलाच चिकटलेला असतो. त्यावर गंज सोडवणारं तेल मारून एक रात्र थांबलेलं बरं. जुना बुश आर्ममधून काढायला काही जण रबर पेटवून देतात. तो धूर विषारी असतो आणि उष्णता आर्मच्या लोखंडालाही मानवत नाही. प्रेस असेल तर उत्तम. नसेल तर व्हाइसमध्ये एका बाजूला बुशाएवढा आणि दुसऱ्या बाजूला त्याहून मोठा सॉकेट धरून आवळत गेलं की बुश मोठ्या सॉकेटमध्ये शिरून बाहेर पडतो. अगदीच हट्टाला पेटला तर बाहेरच्या नळीला हॅकसॉने आतून एक चीर पाडायची, आर्मला धक्का न लावता. घर साफ करायचं, कड खरबरीत असेल तर कानस फिरवायची. नवा बुश सरळ रेषेतच गेला पाहिजे. हातोडीने ठोकला की बाहेरची नळी दबते आणि रबर पहिल्याच दिवशी जखमी होतं.

बैलगाडीच्या आखाला वंगण घातल्याशिवाय गाडी जुंपायची नाही, ही या मुलखातली जुनी शिस्त. जीपलाही ती लागू होती: विलीज आणि पुढे महिंद्रच्या जुन्या जीपच्या पाट्यांना आट्यांचे लोखंडी शॅकल बुश असत आणि ग्रीस गनने त्यांना सतत ग्रीस द्यावं लागे. फियाटच्या रबरी बुशाला मात्र हा नियम उलटा. ग्रीस आणि ऑइल नैसर्गिक रबराला फुगवून मऊ करतं. बुश बसवताना घसरण हवी असेल तर साबणाचं पाणी पुरतं. किंग पिनच्या निपलला ग्रीस दिलंच पाहिजे, रबराला नाही. हा फरक नव्या पोरांना कुणीतरी शिकवला पाहिजे.

आणि आता ती गोष्ट, जिच्यावर या सगळ्या कामाचं यश अवलंबून आहे. आर्म जागेवर बसला, बोल्ट घातला, चाक अजून लटकतंय. अशा वेळी बोल्ट पूर्ण आवळायचा नाही. लटकत्या चाकाला आर्म खाली झुकलेला असतो. त्या स्थितीत आतली नळी आवळली तर रबराला तीच आपली नैसर्गिक जागा वाटते. गाडी जमिनीवर उतरली की आर्म वर येतो आणि रबर उभ्या गाडीतही कायमचं पिळलेलं राहतं. त्यावर प्रत्येक खड्डा आणखी पीळ घालतो. वर्षानुवर्षं टिकणारा बुश काही महिन्यांत फाटतो आणि दोष दुकानदाराच्या मालाला दिला जातो. बरोबर पद्धत अशी: बोल्ट हातानेच बसवायचे, चाकं लावायची, गाडी जमिनीवर उतरवायची, पुढून दोन-चार वेळा दाबून सस्पेन्शन बसू द्यायचं आणि गाडीचा भार चाकांवर असतानाच शेवटचा आवळ द्यायचा. मागच्या पाट्यांच्या आणि शॅकलच्या बोल्टांनाही हाच नियम. खाली झोपून, अडचणीत हात घालून हे करावं लागतं, म्हणूनच ते टाळलं जातं. मिस्त्रीची पारख मी याच एका गोष्टीवर करेन.

त्यानंतर अलाइनमेंट, आधी नाही.

सुटे भाग अजून मिळतात. मुंबईचा चोरबाजार, कुर्ल्याचा भंगार बाजार, दिल्लीचं काश्मिरी गेट इथल्या दुकानांतून फियाटचं सामान देशभर जात आलं आहे. पण मोठं गिऱ्हाईक गेलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षं, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून हद्दपार झाली. आता बुश घेताना रबर दाबून पाहावं, वर्षानुवर्षं दुकानात पडलेला माल नवा असूनही कडक झालेला असतो. पॉलियुरेथेनचे बुश जास्त टिकतात असं सांगितलं जातं आणि ते खरंही आहे; पण ते रबरासारखे पिळले जात नाहीत, नळीवर फिरतात. त्यांना सिलिकॉन ग्रीस लागतं, धुळीत ते करकरतात आणि रस्त्याचा हादरा जास्त आत आणतात. शर्यतीच्या गाडीला ते ठीक. मालेगाव तालुक्याच्या रस्त्यांवर पद्मिनीला रबरच हवं.

याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, म्हणजे पद्मिनीच्या कमाल वेगाच्या आसपासच. गेलेल्या बुशांची गाडी त्या वेगाच्या जवळ नेणं हा वेडेपणा आहे, स्वतःसाठी आणि मागून येणाऱ्यासाठीही.

केंद्राच्या २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली, आणि पहिल्या पद्मिनी आता त्या वयात आल्या आहेत. ज्यांच्या अंगणात आजोबांची फियाट ताडपत्रीखाली उभी आहे त्यांनी रंगाचा आणि क्रोमचा हिशोब करण्याआधी खाली वाकून चारही चाकांचे बुश पाहावेत, पूर्ण संच एकदमच बदलावा आणि शेवटचा बोल्ट आवळताना गाडी जमिनीवर उभी आहे याची स्वतः खात्री करावी.