हंगाम संपल्यावर बघू

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, तरुण माणसाचा खुबा मोरीत पाय घसरून सहसा मोडत नाही. विहिरीच्या कामात, झाडावरून पडून, उसाची ट्रॉली उलटून, अलीकडे मोटारसायकलवरून मोडतो. मार जबर असतो. मांडीच्या हाडाच्या गोळ्याकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या त्यातच तुटतात, आणि पुढचे सारे त्या रक्तावर ठरते. तीनेक आठवडे उपचाराविना गेले की डॉक्टर अशा फ्रॅक्चरला ‘दुर्लक्षित’ म्हणतात. तोवर गोळ्याखालची हाडाची मान झिजू लागते, पाय आखूड होतो.

दुर्लक्ष करतो कोण? क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा जिल्हा, त्यामुळे दवाखाना लांब. पाथर्डी-शेवगावचा ऊसतोड मजूर उचल घेऊन कारखान्यावर गेलेला, नवरा-बायको मिळून एक कोयता. एक जण पडला तर उचल फिटायची कशी? मग हाडवैद्याचा लेप, चोळणे आणि ‘हंगाम संपल्यावर बघू’. शिवाय या दुखण्याची एक खोडच आहे: मोडतो खुबा, पण कळ कधी कधी गुडघ्यात येते, आणि एक्स-रेही गुडघ्याचाच निघतो. मजुराला एकट्याला दोष देणे मला पटत नाही.

जिल्ह्यातल्या लोणीला १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी मोठ्या ऑपरेशनसाठी बहुतेकांना पुणे-मुंबईच गाठावी लागे. आणि ऑपरेशन कोणते करायचे, हाही प्रश्न असे. म्हाताऱ्या माणसाला ‘गोळा बसवणे’ सोपे. पण पंचविशीतल्या गड्याला धातूचा गोळा बसवला, तर तो झिजणार, पुन्हा बदलावा लागणार. उकिडवे बसून कांदा लावणे तर विसराच. म्हणून त्याचे स्वतःचे हाड वाचवण्याची धडपड. मॅकमरे या सर्जनच्या जुन्या पद्धतीत खालचे हाड कापून आत सरकवत, म्हणजे मोडलेल्या जागी घसरण कमी होऊन दाब येई. नंतर कमरेपासून पायापर्यंत प्लॅस्टर. काहींचा गोळाच काढून टाकत. पाय आखूड, पण मांडी घालून बसता येई.

पुढची मोठी पावले आपल्याच देशात पडली. १९८६ मध्ये कोलकात्याच्या डॉ. बक्षींनी स्नायूसकट, म्हणजे रक्तपुरवठ्यासकट, हाडाचा तुकडा जोडण्याचे अनुभव मांडले. त्याच वर्षी चंदीगडच्या डॉ. नागींनी रुग्णाच्याच पायातले बारीक हाड, फिब्युला, स्क्रूसोबत खुब्यात घालण्याची पद्धत मांडली. या दुसऱ्या पद्धतीला फार महागडी सामग्री लागत नाही. आपल्यासारख्या भागाला तीच अधिक मानवणारी, असे माझे मत. मात्र रक्ताअभावी गोळा आधीच सुकला असेल, तर तिचाही इलाज चालत नाही. मग तिशीतही कृत्रिम सांध्याशिवाय गत्यंतर उरत नाही.

पण मागे वळून पाहता स्क्रूइतकेच श्रेय मी कागदाला आणि चाकांना देईन. उपचाराचा खर्च उचलणारी राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आली आणि २०१३ मध्ये राज्यभर पोहोचली; तीच आजची महात्मा फुले जन आरोग्य योजना. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून धावू लागली. पैशाअभावी आणि वाहनाअभावी होणारा उशीर यांनी कमी केला. चुकीच्या एक्स-रेमुळे होणारा उशीर त्यांच्या हाती नाही.

तेव्हा एवढे करा. पडल्यानंतर जांघेत किंवा गुडघ्यात कळ येत असेल, पाय बाहेर वळलेला वाटत असेल, तर माणूस चालत आला तरी चोळू नका. त्याच दिवशी खुब्याचाही एक्स-रे मागून घ्या.