बाळ किती आठवड्यांचं?

दसरा झाला की धारूर, वडवणी, केज, पाटोदा भागातून ऊसतोडीच्या गाड्या निघू लागतात. मुकादमाच्या वहीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. त्यातली बाई गरोदर असेल, तर तपासणी बीडमध्ये आणि बाळंतपण सांगलीत नाहीतर कर्नाटकात. पाळी कधी चुकली म्हणून विचारलं, तर ‘पंचमीच्या पुढंमागं’ एवढंच सांगता येतं. पहिल्या तिमाहीत सोनोग्राफी झालेली असेल, तर प्रश्न सुटतो. नसेल, तर जन्मलेल्या बाळाच्या अंगावरूनच दिवस ओळखावे लागतात.

काट्यावर विसंबून ते कळत नाही. 1.9 किलोचं बाळ 33 आठवड्यांतच जन्मलेलं असेल, किंवा दिवस भरूनही पोटात वाढ खुंटलेलं. पहिल्याची फुप्फुसं कच्ची असू शकतात. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण 34व्या आठवड्याच्या सुमाराला बसतो, त्यामुळे त्याला वाटी-चमच्यानं किंवा नळीनं दूध द्यावं लागू शकतं. दुसरं बहुधा अंगावर पितं, पण त्याची रक्तातली साखर उतरण्याची भीती असते. ऊब दोघांनाही हवी. बाकीची काळजी वेगळी.

डॉक्टरांकडे यासाठी बॅलार्ड यांची गुणपद्धत आहे. 1979ची, 1991मध्ये सुधारलेली. तळव्यावरच्या रेषा, कानाची कूर्चा, अंगावरची लव, हातापायांचा ताठपणा असं बघून गुण देतात. अंदाज दोनेक आठवडे पुढेमागे होतो आणि हात बसायला सराव लागतो. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी हे होऊ शकतं. तांड्यावरच्या आशाताईनं काय करावं?

तिच्यासाठी पाऊल आहे. कडक, पारदर्शक पट्टीवर टाचेच्या मागच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत मोजायचं, बोटं मुडपू द्यायची नाहीत. दिवस भरलेल्या बाळाचं पाऊल साधारण साडेसात ते आठ सेंटिमीटर भरतं. डोक्याचा घेरही उपयोगी, दिवस भरलेल्या बाळात 33 ते 35 सेंटिमीटर. पण जन्मताना डोकं दबतं, सुजतं. पायाचं तसं होत नाही, शिवाय बाळाला उघडं करावं लागत नाही. थंडीत, पाचटाच्या कोपीत ही गोष्ट फार मोलाची आहे.

पट्टीच्या मर्यादाही खऱ्या आहेत. पाऊल आठवड्याला जेमतेम दोन मिलिमीटर वाढतं, म्हणजे हात किंचित हलला की आठवडा चुकला. फार खुरटलेल्या बाळाचं पाऊलही लहान राहतं. टांझानिया आणि नेपाळमध्ये ही मोजणी पारखली गेली ती नेमका आठवडा सांगण्यापेक्षा, कोणतं बाळ लवकर दवाखान्यात न्यायचं हे निवडण्यासाठी. माझ्या मते एवढंही पुष्कळ आहे. गावातली बाई हे शिकू शकते, याविषयी तर शंकाच नको. गडचिरोलीत ‘सर्च’च्या अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत आरोग्यदूतांच्या हाती नवजात बाळांची घरगुती काळजी सोपवली, त्याचे निष्कर्ष 1999मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि 2011पासून ते काम देशभरच्या आशांकडे गेलं.

माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाशेजारी आठवड्यांचा अंदाज आणि तो कशावरून काढला, हे दोन्ही लिहावं. 34 आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा साधारण तिसाव्या दिवसापर्यंत तपासून घ्यावा लागतो, फारच लहान बाळाचा त्याहून आधी. वेळ चुकली तर दृष्टी जाऊ शकते. कोयता तोवर दुसऱ्या कारखान्यावर पोचलेला असेल, तर तिथल्या डॉक्टरला ही नोंदच उपयोगी पडेल.